मापाला राबवू नये

मदन महाल स्टेशनजवळच्या टपरीवर चहा पिताना शेजारच्या मराठी काकांचं एक वाक्य कानावर पडलं, “मापाला राबवायचं नसतं.” बोलणं व्होल्टेजबद्दल चाललं होतं. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुरुस्तीच्या खोलीत गेलो. आत सोल्डरच्या राळेचा वास कोंडलेला होता.

टेबलावरच्या बोर्डावर 16 बिटांची एडीसी होती, म्हणजे व्होल्टेज मोजून आकडा देणारी चिप. तिचं माप 4.096 व्होल्टचा रेफरन्स. त्याचे 65,536 भाग केले की एक पायरी होते 62.5 मायक्रोव्होल्टची. काकांनी इनपुट शून्यावर आणलं, आकडा शांत. पूर्ण मापाजवळ नेलं, तर शेवटचे अंक नाचायला लागले.

“हलकं माप शून्यावर लपतं. वर गेलं की पकडलं जातं.”

मग काकांच्या बोलण्यात सराफाचा काटा आला. ही एडीसी आधी अर्ध्या मापाचं वजन टाकून बघते, मग पाव, मग त्याच्या अर्धं, असं सोळा वेळा. दर वेळी आतले कपॅसिटर रेफरन्समधून विजेचा एक घोट ओढतात. तो भरून येण्याआधी पुढची तुलना झाली, की वजनच खोटं ठरतं.

म्हणून मध्ये ऑप-अँपचा बफर. रेफरन्सने नुसतं किती ते सांगायचं, कष्ट बफरने करायचे. एडीसीच्या पिनेला खेटून 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, घोट तिथूनच मिळावा म्हणून. पण एवढा कपॅसिटर थेट जोडला तेव्हा बफरच थरथरू लागला. ऑसिलोस्कोपवर लाट दिसली. काकांनी मध्ये लहानसा रेझिस्टर घातला. तो मोठा झाला तर घोट भरायला उशीर, म्हणून दोनदा बदलला.

“लोक 24 बिटांची चिप घेतात आणि मापावर पैसे वाचवतात,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, वाईट वाटत होतं.

लाट गेली, तरी आकडा सरकलेलाच. मी बोर्डाकडे हात नेला.

“थांबा, अजून गरम आहे तो.”

हा रेफरन्स तापमानाच्या दर अंशाला 3 पीपीएम, दहा लाखांत तीन भाग, सरकू शकतो. म्हणजे पाच अंशांत जवळपास एक पायरी, तेच 62.5 मायक्रोव्होल्ट. काकांनी पंखा बंद केला, बोर्डावर डबा पालथा घातला. आम्ही घाम पुसत गप्प बसलो. हळूहळू पूर्ण मापाजवळही फक्त शेवटचा अंक लुकलुकत राहिला.

काकांनी वहीत आकडा लिहिला, शेजारी वेळ. “संध्याकाळी परत बघू,” म्हणाले, आणि पंखा बंदच ठेवला.