गोत्र हरवलेल्यांचें कुळ

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं कुळाची ओळख मुलास मुंजीबरोबरच मिळते. अभिवादन शिकतांना आठ वर्षांचा बटु गोत्र, प्रवर, सूत्र व शाखा घडाघडा म्हणूं लागतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरास गेल्यास तीर्थोपाध्यायांच्या वहींत पणजोबांचें नांव सांपडतें; आणि कित्येक घराण्यांनीं तर आपले कुलवृत्तांत छापून काढिले आहेत. परंतु ज्यांचे पूर्वज बाजारांत विकले गेले व जहाजांत घालून परमुलुखीं आणिले गेले, त्यांनीं आपलें मूळ कोठें शोधावें? हा प्रश्न अमेरिकेंतील आफ्रिकी वंशाच्या लोकांपुढें आहे, तसाच तो आपल्या शेजारच्या शिद्दी लोकांपुढेंहि आहे.

प्रथम नांवांचाच विचार करूं. ‘हबशी’ हा शब्द हबश म्हणजे अबिसीनिया, सांप्रतचा इथिओपिया, यावरून आला. ‘शिद्दी’ हा अरबी ‘सय्यदी’ म्हणजे ‘माझे धनी’ यावरून आला असें मानितात. दोन्ही नांवें परक्यांच्या भाषेंतलीं. दासाचें पहिलें हरवतें तें त्याचें नांव. इथिओपियांत जन्मलेला चापू नांवाचा मुलगा अनेकदां विकला गेला. बगदादच्या एका धन्यानें त्यास अंबर हें नांव दिलें. तोच पुढें निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिकंबर झाला. इ. स. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले व त्यांचे बंधु शरीफजी तेथें धारातीर्थीं पडले. म्हणजे ज्या भोसले कुळाची गादी पुढें साताऱ्यास आली, त्याच्या इतिहासांत हा आफ्रिकी पुरुष आरंभापासूनच आहे.

साताऱ्याजवळच्या धावडशीशींहि शिद्द्यांचा असाच संबंध आहे. कोंकणांतील शिद्दी सात यानें १७२७ सालीं चिपळूणजवळील परशुरामाचें देवालय लुटिलें. तेव्हां ब्रह्मेंद्रस्वामी घाटावर येऊन धावडशीस राहिले. पुढें १७३६ सालीं चिमाजीअप्पांनीं रेवसजवळ शिद्दी सातास ठार केलें. साताऱ्याचे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं १९०० सालीं स्वामींचें चरित्र व पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, म्हणून हें सर्व आपणांस वाचावयास मिळतें. परंतु अशा पत्रांत शिद्दी येतो तो वैरी म्हणून. त्याच्या आईबापांची चौकशी करण्याचें लिहिणारास कारणच नव्हतें.

मग कागद मुका झाला तर दुसरें साधन कोणतें? उत्तर कन्नड जिल्ह्यांत यल्लापूर-हल्याळच्या रानांत राहणाऱ्या शिद्द्यांपैकीं कित्येकांचे पूर्वज पोर्तुगीजांनीं गोव्यास आणिलेले दास होते. त्यांच्यांत हिंदु, ख्रिस्ती व मुसलमान असे तिन्ही धर्म आहेत. आणि हिंदु शिद्द्यांच्या घरीं वाडवडिलांची ‘हिरियरू’ म्हणून पूजा होते. नांवें विसरलीं, पण पितर विसरले नाहींत! गुजराथेंतील शिद्दी ढोलाच्या तालावर जें नृत्य करितात त्यास ‘गोमा’ असेंहि म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेंत ‘ङ्गोमा’ म्हणजे ढोल, व त्यावरील नृत्यहि. शब्दांच्या व्युत्पत्तींत रमणाऱ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. स्वाहिली ही बांटु कुळांतील भाषा. आणि २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या आनुवंशिक संशोधनांत कर्नाटक-गुजराथेंतील शिद्द्यांचें नातें बांटुभाषी आफ्रिकी लोकांशींच जुळलें. सारांश, जगानें सर्वांस सरसकट दिलेलें ‘हबशी’ हें नांव यांच्याविषयीं फसवें ठरलें. ढोलानें मात्र खरी साक्ष दिली.

तथापि रक्तपरीक्षा जमात सांगते. गांव आणि बापाचें नांव सांगत नाहीं. तें सांगेल तर कागदच सांगेल. आणि ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे. उत्तर कन्नडांतील शिद्द्यांस २००३ सालीं अनुसूचित जमातींत स्थान मिळालें. पण असल्या सवलतीच्या दाखल्यास वंशावळीचा आधार लागतो. ज्याचा पणजा कोणीं लिहूनच ठेविला नाहीं, त्यानें आधार कोठून आणावा?

येथें आपलें कर्तव्य सुरू होतें. मिरजेच्या शाळेंत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. असे रुमाल सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजूनहि असूं शकतील. घराची वाटणी होते, वाडा पडतो, आणि मोडीचे कागद रद्दींत जातात. त्यांत आपलें कुळ आहेच. परंतु एखाद्या हिशेबाच्या ओळींत, एखाद्या शिबंदीच्या यादींत, दुसऱ्या कोणाचा पणजाहि असेल. तो शोधणारा आज नसेल, पन्नास वर्षांनीं येईल. म्हणून मोडी वाचणाऱ्याकडून ते रुमाल एकदां पाहवून घ्यावे, आणि संभाळणें होत नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या स्वाधीन करावे.

पितृपक्षांत तर्पण करितांना आपण स्वतःच्या पितरांसह, ज्यांस पाणी देणारें कोणी उरलें नाहीं अशांसहि एक ओंजळ सोडितों. शिद्द्यांच्या पितरांस पाणी देणारीं माणसें हयात आहेत. त्यांना हवें आहे तें पितरांचें नांव. तें आपल्या माळ्यावरच्या रुमालांत असेल, तर वाळवीच्या तोंडीं जाऊं देऊं नये, एवढीच वाचकांस विनंति आहे.