गाठ दिसली, खबर कधी द्यायची?
महाराष्ट्रात २०२२ च्या साथीत गुरांच्या लम्पी आजाराचा पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये सापडला तो रावेर तालुक्यातल्या चिनावलला. ताप, अंगभर घट्ट गाठी, सुजलेले पाय दिसले की डॉक्टरला संशय येतो. पण अ‍ॅलर्जीच्या गांधीही तशाच भासतात, म्हणून खपलीची पीसीआर तपासणी हवीच. अहवाल येईपर्यंत मात्र गप्प राहणं मला अनैतिक वाटतं. २००९ चा केंद्रीय कायदा सबळ संशयाचीही खबर मागतो, पशुपालकाकडून आणि डॉक्टरकडूनही.

यावर आक्षेप येतो, तो खोटा नाही: खबर गेली की गुरांचा बाजार बंद, आणि ज्याने विश्वासाने डॉक्टरला गोठ्यात बोलावलं त्याचंच नुकसान. सरकारने दगावलेल्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार दिले. आटलेल्या दुधाचं, अडलेल्या विक्रीचं काय? ती भरपाईही मिळायलाच हवी. पण लपवलेल्या जनावराची किंमत शेजारचा गोठा मोजतो, आणि त्याला कुणी विचारलेलंच नसतं. त्या साथीत पाच किलोमीटरच्या परिघातल्या निरोगी गुरांना शेळ्यांच्या देवीवरची लस टोचली जात होती. तो परीघ आखायला आधी खबर लागते.