एक कंट्रोलर, अनेक सोंगं

वायरलेस गेम कंट्रोलरच्या खोक्यावर हल्ली चिन्हांची रांगच लागलेली असते. विंडोज, निन्टेन्डो स्विच, अँड्रॉइड, आयफोन, स्टीम डेक. एवढी चिन्हं पाहून गिऱ्हाईक खूश होतं आणि रांगेत कोण नाही हे बघायचं राहून जातं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स ही दोन नावं तिथे सहसा नसतात. ती का नसतात ते पुढे येईलच. त्याआधी एकच कंट्रोलर इतक्या यंत्रांशी मुळात बोलतो कसा, हे समजून घ्यायला हवं. ते कळलं की खोक्यावरची निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते.

कंट्रोलर जोडला की तो सर्वांत आधी स्वतःची ओळख सांगतो. ही ओळख म्हणजे दोन क्रमांक, एक कंपनीचा आणि दुसरा मॉडेलचा. मायक्रोसॉफ्टचा कंपनी-क्रमांक ०४५ई, सोनीचा ०५४सी, निन्टेन्डोचा ०५७ई. या क्रमांकांवरून समोरचं यंत्र ठरवतं की पाहुणा कोण आहे आणि त्याच्याकडून कोणती माहिती कोणत्या क्रमाने येणार. अनेक यंत्रांवर चालणारा कंट्रोलर हा इथे पक्का बहुरूपी असतो. विंडोजपुढे तो एक्सबॉक्स ३६०चा कंट्रोलर म्हणून उभा राहतो, स्विचपुढे निन्टेन्डोचा प्रो कंट्रोलर म्हणून. एटबिटडूच्या ‘प्रो २’वर त्यासाठी एस, ए, डी, एक्स अशा चार खुणांचा सरकता खटकाच दिलेला आहे. एस म्हणजे स्विच, ए म्हणजे अॅपल, डी म्हणजे अँड्रॉइड, एक्स म्हणजे विंडोज. त्याच कंपनीच्या जुन्या मॉडेलांत स्टार्ट आणि आणखी एक बटण एकत्र दाबून धरावं लागे, आणि कोणत्या जोडीने काय होतं हे महिन्याभरात कोणाच्याच लक्षात राहत नसे. तेव्हा खटका असलेला कंट्रोलर घेतलेला बरा.

अडचण अशी की ज्याचं सोंग घेतलं त्याला जेवढं येतं, तेवढंच या कंट्रोलरला दाखवता येतं.

विंडोजवरचं नेहमीचं सोंग ‘एक्सइनपुट’चं. मायक्रोसॉफ्टने २००५च्या सुमाराला एक्सबॉक्स ३६०च्या कंट्रोलरसाठी ही पद्धत बेतली आणि पीसीवरचे बहुतेक गेम आजही तीच गृहीत धरतात. तिच्यात दोन स्टिक, दोन ट्रिगर, चार दिशांचं पॅड, ए-बी-एक्स-वाय, खांद्यावरची दोन बटणं, स्टार्ट, बॅक, स्टिक दाबल्याचे दोन संदेश आणि कंपनाच्या दोन मोटरी एवढंच बसतं. हालचाल टिपणाऱ्या जायरोला तिथे जागा नाही, पाठीमागच्या जादा बटणांनाही नाही. म्हणून ‘मागे चार बटणं’ असं खोक्यावर ठळक छापलेलं असलं, तरी एक्स मोडमध्ये ती बटणं पुढच्याच कुठल्यातरी बटणाची नक्कल करतात. मागचं डावं बटण ‘ए’वर लावता येतं. अंगठा स्टिकवरून न उचलता उडी मारता येते, आणि हा फायदा खरोखर मोठा आहे. पण त्या बटणाला पंधरावं, सोळावं असं स्वतंत्र काम देता येत नाही, कारण गेमच्या लेखी ते बटण अस्तित्वातच नसतं. एक्सबॉक्स एलिट किंवा ड्युअलसेन्स एजसारखे कंट्रोलर स्टीम हे पीसीवरचं गेमचं सॉफ्टवेअर थेट ओळखतं, तिथे मागची बटणं वेगळी दिसतात. बाकीच्यांच्या बाबतीत ‘स्टीममध्ये मागची बटणं स्वतंत्र दिसतात का’ हे विकत घेण्याआधी विचारावं.

जायरो हवा असेल तर तोच कंट्रोलर पीसीवर स्विचच्या सोंगात लावायचा. मग स्टीमला जायरो दिसतो आणि हात किंचित कलवून नेम धरता येतो. मात्र निन्टेन्डोच्या प्रो कंट्रोलरची मागची झेडएल आणि झेडआर ही साधी चालू-बंद बटणं आहेत. किती दाबलं हे ती सांगतच नाहीत. त्यामुळे सोंग बदललं की कंट्रोलरचे चांगले लांब दाबाचे ट्रिगरही चालू-बंद होऊन बसतात, आणि फोर्झा होरायझनमध्ये गाडी एकतर उभी राहते किंवा सुसाट सुटते. अर्धा अॅक्सिलरेटर हवा की जायरो, यातलं एक निवडावं लागतं. शिवाय निन्टेन्डोचं ‘ए’ उजवीकडे असतं आणि एक्सबॉक्सचं खाली. म्हणून पडद्यावर एक अक्षर आणि हाताखाली दुसरं, अशी गंमत सुरुवातीला होतेच. काही कंट्रोलरमध्ये ही अदलाबदल एका बटणजोडीने उलटवता येते.

विंडोजमध्येच हे सोंग उघडं पाडणारी एक छोटी खिडकी आहे. ‘रन’मध्ये इंग्रजी अक्षरांत जॉय डॉट सीपीएल असं टाइप केलं की जोडलेल्या कंट्रोलरची यादी येते. प्रॉपर्टीजमध्ये गेलं की स्टिकची जागा दाखवणारं अधिकचं चिन्ह आणि लाल दिव्यांसारखी बटणं दिसतात. एक्स मोडमध्ये डावा ट्रिगर दाबा, एक पट्टी एका बाजूला सरकते. उजवा दाबा, तीच पट्टी दुसऱ्या बाजूला जाते. दोन्ही एकदम दाबा, पट्टी मधोमध येऊन थांबते, जणू काहीच दाबलेलं नाही. यात कंट्रोलरचा दोष काही नाही. ही खिडकी ‘डायरेक्टइनपुट’ या जुन्या पद्धतीने वाचते आणि त्या पद्धतीत एक्सबॉक्सचे दोन्ही ट्रिगर एकाच मापावर बसवलेले आहेत. एखाद्या जुन्या गेममध्ये ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकमेकांना खात असतील तर कारण बहुधा हेच असतं.

आता ती दोन गैरहजर नावं. एक्सबॉक्सचा कन्सोल ब्लूटूथ कंट्रोलर घेतच नाही. त्याची स्वतःची वायरलेस पद्धत आहे आणि तिचा परवाना मायक्रोसॉफ्टकडून घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने विनापरवाना अॅक्सेसरी कन्सोलवर चालणं बंद करायला सुरुवात केली, तेव्हा स्वस्तातले कंट्रोलर वापरणाऱ्यांच्या पडद्यावर नोटिसाच झळकल्या. परवानाधारक कंपन्यांचेही काही कंट्रोलर एक्सबॉक्सवर फक्त वायरने चालतात आणि वायरलेसचा लाभ पीसी किंवा फोनवरच देतात. खोक्यावर एक्सबॉक्सचं चिन्ह आणि ‘वायरलेस’ हा शब्द दोन्ही असले, म्हणजे ते दोन्ही एकत्र चालतातच असं नाही. बारीक अक्षर वाचा.

प्लेस्टेशन ५चं दार वेगळ्या तऱ्हेने बंद आहे. पीएस ४चा कंट्रोलर त्याला जोडता येतो, पण त्यावर पीएस ४चेच गेम खेळता येतात. पीएस ५च्या गेमसाठी सोनीचा स्वतःचा ड्युअलसेन्स किंवा सोनीचा परवाना असलेला कंट्रोलरच लागतो. परवान्यातल्या कंट्रोलरपैकी व्हिक्ट्रिक्सचा ‘प्रो बीएफजी’ जुळवाजुळवीला फार छान आहे. त्याचे स्टिक आणि दिशापॅडचे भाग काढून जागा बदलता येतात, मारामारीच्या गेमसाठी सहा बटणांचा भागही बसवता येतो. पण ड्युअलसेन्सचे बोटाला प्रतिकार करणारे ट्रिगर अशा बाहेरच्या कंट्रोलरांत सहसा मिळत नाहीत. मधे लावायचे अडॅप्टर बाजारात असतात. चालतातही, पण पुढच्या सिस्टिम अपडेटनंतर चालतील की नाही ही टांगती तलवार कायम. माझ्या मते त्या वाटेला जाऊच नये.

वायरलेसमध्ये दोन रस्ते आहेत, ब्लूटूथ आणि सोबत येणारा २.४ गिगाहर्ट्झचा डाँगल. फोन आणि स्विचसाठी ब्लूटूथ, पीसीसाठी डाँगल हा साधा हिशोब. जाहिरातीत ‘१००० हर्ट्झ पोलिंग’ मोठ्या अक्षरांत असतं. त्याचा अर्थ सेकंदाला हजार वेळा विचारणा, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला एकदा. १२५ हर्ट्झला तेच अंतर ८ मिलिसेकंदांचं होतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, त्यामुळे हा फरक अगदीच हवेतला नाही. पण पोलिंग म्हणजे बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा सगळा वेळ नव्हे. आतल्या चिपने संदेश तयार करायलाच वेळ घेतला तर हजार वेळा विचारून हाती काय लागणार? बरेचदा खरा अडथळा भलतीकडेच असतो. यूएसबी ३चे पोर्ट आणि त्यांना लावलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट करतात. डाँगल तिथेच शेजारी खुपसलेला असेल तर कंट्रोलर अडखळतो. साधी एक्स्टेन्शन वायर लावून डाँगल टेबलावर पुढे आणला की महागड्या कंट्रोलरइतकाच फरक पडतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते स्टिकवर करावेत. नेहमीच्या स्टिकखाली पोटेन्शियोमीटर असतो. कार्बनच्या पातळ थरावरून धातूची एक बारीक जीभ घासत फिरते आणि रोध बदलतो, त्यावरून जागा कळते. घासणं आलं की झिजणं आलं, वर धूळ. मग अंगठा उचलला तरी कॅमेरा हळूहळू डावीकडे सरकत राहतो. हाच तो ड्रिफ्ट. हॉल सेन्सरच्या स्टिकमध्ये घासणारं काही नसतं. स्टिकला चुंबक असतो आणि त्याच्या क्षेत्रातला बदल सेन्सर टिपतो. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ साली शोधला आणि सेगाने १९९८च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तो वापरलाही होता. तरी पुढची वीसेक वर्षं मोठ्या कंपन्या मुख्यतः पोटेन्शियोमीटरलाच चिकटून राहिल्या. आज गुलिकिट, गेमसर, एटबिटडू यांच्या मध्यम किमतीच्या कंट्रोलरांत हॉल किंवा टीएमआर स्टिक मिळतात. टीएमआरही चुंबकावरच चालतं, मात्र वीज कमी खातं. दोन्हींत परत मध्यावर आणणारी स्प्रिंग मात्र असतेच आणि ती सैल होऊ शकते, त्यामुळे ‘ड्रिफ्ट कधीच नाही’ हे वाक्य दुकानदाराच्या तोंडी शोभतं. ड्युअलसेन्स एजने वेगळाच तोडगा काढला आहे. झिजलेला स्टिकचा भागच उपटून नवा बसवायचा, सोल्डरिंगची गरज नाही.

स्वतःच्या मापाने बदलता येण्याजोग्या गोष्टींत मागची बटणं, ट्रिगरचा दाब आखूड करणारे खटके, स्टिकचा निष्क्रिय टापू आणि स्टिक किती कलली की किती वेग द्यायचा याचा आलेख, एवढ्या खऱ्या कामाच्या. रंगीत दिवे बॅटरी खातात, बस्स. यात एक प्रश्न कळीचा आहे: केलेली सेटिंग राहते कुठे? ती कंट्रोलरच्या स्वतःच्या स्मृतीत राहिली तर मित्राच्या स्विचलाही लावता येते. एलिट सीरीज २मध्ये अशी तीन प्रोफाइल राहतात आणि एका बटणाने बदलता येतात. सेटिंग पीसीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये राहिली तर पीसी बंद झाला की सगळं मूळपदावर. अनेक यंत्रांवर खेळणाऱ्याने कंट्रोलरमध्येच स्मृती असल्याची खात्री करावी, आणि ते अॅप फोनवर आहे की फक्त विंडोजवर हेही बघावं. टर्बो आणि मॅक्रो ही बटणं ऑनलाइन गेममध्ये वापरण्याआधी त्या गेमचे नियम वाचा, खातं बंद होऊ शकतं.

फोनसाठी म्हणून कंट्रोलर घेणाऱ्या मुलांनी तर आधी गेम बघावा. आयफोनला २०१९च्या आयओएस १३पासून एक्सबॉक्स आणि पीएस ४चे कंट्रोलर जोडता येतात, अँड्रॉइडला तर त्याच्याही आधीपासून. पण गेमने परवानगी द्यायला हवी. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल कंट्रोलर मानतो. बीजीएमआयसाठी मात्र कंट्रोलर घेऊन उपयोग नाही. बटणांच्या जागी पडद्यावर खोटे स्पर्श उमटवणारी अॅप असतात, पण त्यात पकडलं गेलं तर तक्रारीला जागा उरत नाही.

मग घ्यायचा कोणता? घरात पीएस ५ असेल तर ड्युअलसेन्सच घ्या. तो विंडोज, मॅक आणि फोनवरही चालतो. एक्सबॉक्स असेल तर एक्सबॉक्सचाच, कारण २०१६पासूनच्या मॉडेलांत ब्लूटूथही आहे. त्याच्या साध्या मॉडेलात दोन पेन्सिल सेल लागतात. हे जुनाट वाटतं खरं, पण पाच वर्षांनी आतली बॅटरी बसली म्हणून कंट्रोलर फेकण्यापेक्षा चार्ज होणारे सेल बदलणं परवडतं. पीसी, स्विच आणि फोन असं त्रिकूट असेल, तरच बाहेरच्या कंपनीचा बहुरूपी कंट्रोलर खऱ्या अर्थाने फायद्याचा. हॉल किंवा टीएमआर स्टिक, मोडचा खटका, डाँगल, आतली स्मृती आणि फर्मवेअर अपडेट देत राहणारी कंपनी एवढं बघायचं. शेवटचा मुद्दा नुसता शोभेचा नाही. जून २०२५मध्ये स्विच २ आला तेव्हा बाहेरचे कितीतरी कंट्रोलर अपडेट मिळेपर्यंत त्याला ओळखूच येत नव्हते.

हेडफोनची पिन असेल तर ती ब्लूटूथवर सहसा मुकी असते, हे माहीत असू द्या. आणि कंट्रोलर ऑनलाइन मागवा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, पहिल्याच संध्याकाळी वर सांगितलेली खिडकी उघडा. स्टिक कडेकडेने सावकाश गोल फिरवा, सोडा, अधिकचं चिन्ह मधोमध येतं का बघा. चारही दिशांना हलकी टिचकी मारून पुन्हा बघा. ट्रिगर इंचाइंचाने दाबा, पट्टी टप्प्याटप्प्याने सरकते की एकदम उडी मारते ते कळेल. मग प्रत्येक मोड त्या-त्या यंत्रावर एकदा लावून पाहा. हे सगळं परत करायची मुदत संपायच्या आत.