दहावर एक फुकट, पण मुदत किती?

वसईतल्या वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात गाळा घेऊन इन्सुलिन, लसी असा थंड माल घाऊक विक्रीसाठी ठेवायचा, तर खर्च फक्त भाड्याचा आणि विजेच्या बिलाचा नसतो. मोठी गळती एक्सपायरीच्या तारखेतून होते.

समजा, एका इंजेक्शनच्या महिन्याला ३० व्हायल खपतात आणि खरेदीचा दर ५०० रुपये आहे. कंपनीची दहावर एक फुकट अशी स्कीम आली म्हणून ३०० घेतल्या, हातात ३३० आल्या. मुदत नऊ महिने शिल्लक. पण शेवटच्या तीन महिन्यांतला माल दुकानदार सहसा घेत नाहीत. म्हणजे विकायला सहाच महिने आणि खपणार १८०. स्कीम सोडून तेवढ्याच घेतल्या असत्या तर ९०,००० लागले असते. इथे दीड लाख गेले. मुदत संपलेल्या मालाचा क्लेम कंपनीकडून मंजूर झालाच तर क्रेडिट नोट येते, पण तोवर पैसे अडकून पडतात. माझ्या मते या धंद्यात सर्वात महाग पडतो तो फुकटचा माल.

त्यापेक्षा रोजचा खप धरा. रोज एक व्हायल जाते, माल यायला पाच दिवस लागतात, आणि पावसात महामार्ग तुंबतो म्हणून आठवड्याचा साठा वर ठेवायचा. म्हणजे १२ उरल्या की ऑर्डर द्यायची.

मांडणीत 'आधी आलेला आधी' एवढं पुरत नाही. उशिरा आलेल्या बॅचची मुदत कधी आधी संपते, म्हणून बिल बनवताना आधी संपणारी बॅच निघाली पाहिजे.

आता फ्रिज. तापमान २ ते ८ अंश हवं. वीज गेली की सगळे उष्णतेला घाबरतात, पण गोठणंही तितकंच घातक आहे. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नसतं. धनुर्वाताची आणि हिपॅटायटिस बीची लसही तशीच. म्हणून खोकी बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला टेकवू नयेत. रात्री काय झालं ते सकाळच्या थर्मामीटरवर कळत नाही, त्यासाठी डेटा लॉगर लागतो. जुलै २०१८च्या पुरात वसई-विरारची वीज गेली होती. अशा वेळी जनरेटर नसेल तर फ्रिजमध्ये जेवढा माल, तेवढं नुकसान. साठा बेताचा ठेवण्याचं हे दुसरं कारण.

आणि खराब माल नष्ट केला की त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिटही उलटवावं लागतं. नुकसानीच्या हिशेबात तो आकडा धरायचा असतो.