गाडीत घरच्या घरी बदल करताय? काय चालते, कुठे अडते? जाणून घ्या

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी चारचाकी २०२१ मध्ये देशभर गाजली. मात्र ती नियमांत बसत नव्हती. आनंद महिंद्रा यांनी बदल्यात त्यांना बोलेरो दिली. मग घरी कोणते बदल करता येतात?

देखभाल सोपी करणारे बदल
• ऑइल ड्रेन व्हॉल्व्ह: चेंबरच्या बोल्टऐवजी बसवल्यास पान्याशिवाय ऑइल काढता येते. पण तो खाली लोंबत असेल, तर शेतरस्त्यावर दगड लागून ऑइल सांडू शकते आणि इंजिन जाम होण्याचा धोका असतो.
• मॅग्नेटिक ड्रेन बोल्ट: ऑइलमधला लोखंडी कीस धरून ठेवतो.
• बॅटरी कट-ऑफ स्विच: गाडी बरेच दिवस उभी असल्यास बॅटरी उतरत नाही.

नियम काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. सीएनजीसाठी मान्यताप्राप्त किट आणि आरटीओतील नोंद आवश्यक आहे.

वायरिंग कापून जोड देऊ नका. शॉर्ट सर्किटचा धोका असतो, वॉरंटीही जाऊ शकते. शंका असल्यास सातारा (एमएच-११), कराड (एमएच-५०) किंवा सांगली (एमएच-१०) आरटीओत आधी विचारा, मगच पाना हातात घ्या.