संडे : सूर्याचा वार, कामगाराचा हक्क

मुलांनो, इंग्रजीतील ‘संडे’ म्हणजे ‘सन’ अधिक ‘डे’, सूर्याचा दिवस. आपल्या रविवारचा अर्थही तोच. प्राचीन रोमन लोक या वाराला सूर्याचा वार म्हणत. त्यावरून इंग्रजी नाव पडले. लिहिताना पहिले अक्षर कॅपिटल काढावे. ‘रविवारी’ म्हणायचे असल्यास ‘ऑन संडे’ म्हणावे.

नाव परक्यांचे, पण सुट्टी आपल्या कष्टकऱ्यांनी मिळविलेली! मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

येत्या रविवारी विहारात वंदनेला जाल, तेव्हा लोखंडे यांचे स्मरण करा. ही सुट्टी कोणाची मेहेरबानी नव्हे, संघटनेचे फळ आहे.