जुनी गाडी घेताना मिस्त्री आधी, बयाणा नंतर

फेब्रुवारी लागला की नागपुरात कूलरचा धंदा जागा होतो. कामठीचे आमचे एक स्नेही वीस वर्षांपासून कूलर बनवतात आणि दुरुस्त करतात. पंप, ताट्या, हत्यारे आणि दोन कारागीर घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचे, तर ऑटोच्या भाड्यातच हंगामाचा नफा जातो. म्हणून यंदा त्यांनी जुनी ओम्नी घ्यायचे ठरवले. जरीपटक्यात साडेचौदा वर्षांची एक गाडी विकायची असल्याचे कळले आणि ते आम्हाला सोबत घेऊन गेले. रंग चकचकीत, सीटची कव्हरे नवी, किंमत एक लाख दहा हजार. त्यांनी बयाण्याचे दहा हजार खिशातून काढलेही होते.

आम्ही त्यांचा हात धरला. म्हटले, "भाई, पत्रा घेताना आपण गेज पाहतो, कापड घेताना धागा पाहतो. इथे तर वर्षभराची बचत लावायची आहे. उद्या उस्तादांना घेऊन येऊ."

आमच्या वाचकांपैकी अनेक जण असाच सौदा करतात. म्हणून पुढे काय झाले ते सविस्तर सांगतो.

थंड इंजिनच खरे बोलते

दुसऱ्या दिवशी मोमिनपुऱ्यातील आमच्या ओळखीचे मिस्त्री आले. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. उस्तादांनी सीट उचलून हात लावला, तर इंजिन गरम! "गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. आज नाही, उद्या पाहू," एवढेच ते म्हणाले. गरम इंजिन लगेच सुरू होते आणि अनेक दोष झाकते. थंड इंजिन पहिल्या चावीला किती कुरकुरते, कोणता आवाज काढते आणि कसला धूर सोडते, यावरच त्याची तब्येत कळते.

धुराचा हिशोब सोपा आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन प्रमाणाबाहेर जाते आहे. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघणे स्वाभाविक आहे. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर रेडिएटरचे पाणी इंजिनात शिरत असण्याचा संभव असतो. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे आणि पाण्यावर तेलाचा तवंग किंवा गंज आहे का ते पाहावे. ऑइलची पट्टी बाहेर काढावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड मिळाले. उस्तादांनी तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. एकाचे बरेच कमी भरले. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय होती. मग त्यांनी खालचा पत्रा पाहिला. लोहचुंबक फिरवले, तर डाव्या दाराखाली ते चिकटेना, म्हणजे तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली. टायरवर कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. त्यावरून दोन टायर आठ वर्षांचे निघाले. नंतर कामठी रोडवर गाडी चालवून क्लच, ब्रेक आणि स्टिअरिंग पाहिले. ते मात्र ठीक होते.

रबरी नळ्यांकडेही लक्ष द्यावे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, त्यामुळे काही गाड्यांत इंधनाच्या नळ्या व गॅस्केट बदलावे लागतात. गॅस किट असेल तर त्याची नोंद आरसी बुकात आहे का आणि टाकीची दाब-चाचणी मुदतीत झाली आहे का, तेही पाहावे.

पुरात बुडालेली गाडी

नागपूरच्या खरेदीदाराने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून विकायला येते आणि वायरिंगचे दुखणे मागाहून वर येते. तिची ओळख म्हणजे सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या टोकाला दिसणारी चिखलाची रेघ, सीटच्या रुळांवरचा गंज, मॅटखालची ओल व कुबट वास आणि स्टेपनीच्या खळग्यातली माती. विमा कंपनीकडे पूर्वी दावा झाला होता का, हेही विचारावे.

कागद हा गाडीचाच भाग

गाडीवर कोरलेला चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावा. परिवहन खात्याच्या मोबाइल ॲपवर नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि गाडीवरचे कर्ज दिसते. थकीत चलानही तपासावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही पाहावे.

आमच्या स्नेह्यांना दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या. पहिली, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि ही गाडी सहा महिन्यांत तिथे पोहोचणार होती. पुढच्या पाच वर्षांसाठी गाडी आरटीओच्या तपासणीत उतरावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये आहे. वीस वर्षांहून जुन्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून ती १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. दुसरी गोष्ट, गाडीवरचे कर्ज फिटले होते, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला नव्हता. त्यासाठी बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ लागतो.

मालकी बदलायला फॉर्म २९ व ३० आहेत. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी चालवत राहणे दोघांनाही घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच कायद्याने मालक मानला जाईल आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. म्हणजे गाडी विकून पैसे खर्च झाल्यावरही नोटीस जुन्या मालकाच्याच दारी येऊ शकते. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

माल विक्री कायदा १९३० चा आहे. मालाच्या दर्जाची हमी विकणाऱ्याने दिलीच आहे, असे तो सरसकट मानत नाही. पाहून घ्यायचे काम मुख्यतः घेणाऱ्याचे आहे.

सौदा कसा झाला

उस्तादांनी कागदावर हिशोब मांडला. हेडचे काम, दोन टायर आणि पत्र्याचे वेल्डिंग मिळून सत्तावीस हजार. आम्ही तो कागद मालकांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हेडचे मलाही ठाऊक नव्हते." चर्चेअंती सौदा पंच्याऐंशी हजारांवर ठरला. बोजा उतरवण्याचे काम त्यांच्याकडे राहिले. ही अट लिहून, दोघांच्या सह्या घेऊन, मगच पाच हजार बयाणा दिला गेला. उस्तादांनी तीन दिवसांचे सातशे रुपये घेतले. सातशे रुपयांच्या खर्चाने पंचवीस हजार वाचले, आणि ऐन मे महिन्यात कूलर लादलेली गाडी रस्त्यात बंद पडण्याची नामुष्की टळली ती वेगळीच.

व्यापारी बंधूंना आमचे सांगणे एवढेच. मिस्त्री आपला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. त्याची मजुरी सौदा होवो न होवो, द्यावी, म्हणजे तो निःसंकोच "घेऊ नका" म्हणू शकेल. मालक तपासणीला तयार नसेल, तर सलाम करून परत फिरावे. गाड्या पुष्कळ मिळतात, भांडवल पुन्हा जमवायला वर्षे लागतात. आणि आपली जुनी गाडी विकायची वेळ आली, तर तिचा ऐब आपणच आधी सांगावा. बाजारात नाव त्यानेच टिकते.